शेवटचं घर आधी

मदत वाटायचा आमच्या चर्चच्या मंडळीचा एक नियम आहे. गावात शिरलं की आधी शेवटच्या घरी जायचं. रस्त्यालगतच्या पहिल्या घराने कितीही आग्रह केला, चहाचे कप पुढे केले, तरी थांबायचं नाही. थेट दुसरं टोक गाठायचं आणि तिथून वाटत वाटत गाडीपर्यंत परत यायचं.

हा नियम आमच्या पाळकसाहेबांचा, आणि तो मराठवाड्यातल्या भूकंपात जन्मला. तेव्हा ते पाळक नव्हते. मिशनच्या तुकडीबरोबर ढिगारे उपसायला गेलेला एक पोरगेला माणूस होते. एका गावात त्यांनी ब्लँकेटांची गाडी वेशीजवळ उभी केली आणि समोर येईल त्याला देत सुटले. टोकाच्या वस्तीपर्यंत पोचेतो गाडी रिकामी झाली. तिथे मातीच्या ढिगाशेजारी एक म्हातारी बसली होती. ती यांना म्हणाली, "तुमचा देव आमच्यापातुर येईस्तोवर सरला व्हय रं?"

ही हकिकत ते दर नाताळात सांगतात. आम्हाला ती पाठ आहे, तरी त्या वाक्यापाशी आले की ते चष्मा काढून पुसतात आणि आम्ही सगळे उगाचच आपापल्या चपलांकडे बघतो.

टाळेबंदीच्या वर्षी आमच्या किनाऱ्यावर वादळ आलं. मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली ती गेलीच, आणि घरांची कौलं कुठे गेली ते वाऱ्यालाच ठाऊक. आमच्या चर्चचे अर्धे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. ते उचलून आणायच्या आधीच पाळकसाहेबांनी ताडपत्र्या गोळा करायला घेतल्या. मी चिडले. मी शाळामास्तरीण, त्यात मुळातली तापट. मुलं माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. मी म्हटलं, "साहेब, आधी आपलं डोकं झाका." ते म्हणाले, "बाई, आपण छत्र्या घेऊन उपासना करू." आणि खरोखर आम्ही तशीच केली. 'पवित्र, पवित्र' हे गीत म्हणताना माझ्या पुढच्या बाईच्या छत्रीचं पाणी माझ्या मानेवर पडत होतं.

त्या दिवसांत आम्ही टेम्पो घेऊन रोज एका गावाला जात होतो. टेम्पोवाला मुरुडचा मुसलमान गृहस्थ, तो गाडीच्या भाड्याचं नावही काढत नव्हता. एका गावात फटफटीवरून एक तरुण आला आणि त्याने सरळ विचारलं, "बाटवायला आलात काय?" मी त्याला म्हटलं, "आधी स्वतःच्या घरावर पत्रे आहेत का ते बघ, मग माझा धर्म बघ." पाळकसाहेबांनी परतीच्या वाटेवर माझी चांगली कानउघाडणी केली. पण तेव्हापासून मी बाह्या सरसावूनच होते. कुणी नुसतं तिरकं बघितलं तरी मला तोच प्रश्न ऐकू यायचा.

अशा मनाने मी त्या गावात गेले.

समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीतलं भातशेतीचं गाव. साठेक घरं असतील. टाळेबंदीमुळे मुंबईला गेलेले सगळे घरी आलेले, म्हणजे माणसं दुप्पट आणि छपरं निम्मी. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पुरुषमंडळी आमची वाट बघत उभी होती. पुढे गावकीचा पुढारी. गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. ग्रामपंचायत कागदावर चालते, गावकी शब्दावर, आणि गाव कुणाचं ऐकतं ते सांगायला नको. पुढारी साठीचा, काटक, हात मातीने भरलेले. त्याचं घर देवळाला अगदी लागून होतं. त्याची बायको ओटीवर बसून भिजलेलं भाताचं बी सुपात पसरत होती, कारण ते तसंच राहिलं असतं तर कणगीतच मोड आले असते. आम्हाला बघून ती उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पुढारी म्हणाला, "समदं हितं देवापुढं ठेवा, फादर. गावाला आलेलं आदी देवापुढं, मंग उंबऱ्या-उंबऱ्याला सारखी वाटनी. आमची रीत हाय."

आपण फादर नसून पाळक आहोत हे सांगणं साहेबांनी केव्हाच सोडून दिलं होतं. ते म्हणाले, "रीत चांगली आहे तुमची. आमचीही एक आहे. आम्ही शेवटच्या घरापासून सुरुवात करतो आणि ताडपत्री स्वतः चढवून देतो."

"शेवटचं घर म्हंजे?"

साहेबांनी बोट दाखवलं. गावापलीकडे एक ओढा होता, पऱ्या म्हणतात आमच्याकडे, आणि त्याच्या पलीकडे चढणीवर एकटंच एक घर.

कोणी काही बोललं नाही. पुढारी खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तिकडं रस्ता न्हाय. पऱ्याला पानी हाय."

"आम्ही चालत जाऊ."

"ऱ्हाऊ द्या ना, फादर."

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, झालं, आलं यांचं पोटातलं ओठावर. ख्रिस्ती माणसांनी गावातून हिंडू नये, घरात शिरू नये, सामान टाकावं आणि चालतं व्हावं. समुद्राकडून आभाळ भरून येत होतं आणि हे लोक रीतीभाती काढत बसले होते. मी एक ताडपत्री खांद्यावर घेतली आणि वाटेला लागले. मागे साहेब आणि दोरीचं भेंडोळं घेऊन टेम्पोवाला.

त्या घरात एक पोरगी होती. पोरगीच म्हणायची, विशीच्या जरा पुढची. छपराचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता आणि त्या कोपऱ्यात वाशाला लुगड्याची झोळी बांधून तिने तान्हं निजवलं होतं. जमीन लिबलिबीत झाली होती. भांडी दाराबाहेर मांडलेली, चूल विझलेली.

आम्हाला बघून तिला आनंद झाला नाही. घाबरली. "आदी गावाला द्या, बाई," ती म्हणाली. "राह्यली तर मला."

मला तो भिडस्तपणा वाटला. "घरात कोणी पुरुषमाणूस?"

"पत्रे मिळत्यात का बघाया म्हसळ्याला गेल्यात. चालत."

"चालत? एवढ्या गावात कुणाकडे गाडी नाही?"

ती मागे सरली, झोळीला हात लावून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "गावाला इचारलंत का?"

"गावाला काय विचारायचं? तू हे टोक धर."

वर्गातला आवाज लागला की माणसं ऐकतात. तिने टोक धरलं. फणसाच्या खोडाला एक दोरी, वाशांना दोन, उरलेली दगडाखाली. घर झाकलं गेलं. आत निळा अंधार झाला आणि पोर झोपेतच ओठ हलवायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. बाहेर आम्ही प्रार्थना मोठ्याने करत नाही, उगाच बोभाटा होतो. मनातच केली आणि निघालो.

पऱ्या ओलांडून गावातल्या पहिल्या घराशी आलो. घरधनी दारातच उभा. "आमाला नको," म्हणाला. त्याच्या खांद्यावरून मला घराच्या आतलं आभाळ दिसत होतं. दुसऱ्या घरी, "आमचं भागलं." तिसऱ्या घराने दारच लावून घेतलं. वर छप्पर नाही आणि दाराला कडी! चौथ्या घरी जायची वेळच आली नाही, कारण माझा संयम तिसऱ्या दाराशीच संपला होता.

मी तरातरा देवळासमोर आले. बाकी सगळं गाव आता तिथे जमलं होतं. मी म्हटलं, "ताडपत्रीवर काय क्रूस छापलाय? की खाली बसलात तर बाप्तिस्मा होईल? पोराबाळांना भिजवाल, पण आमच्या हातचं घेणार नाही, असंच ना?"

"बाई," साहेब मागून म्हणाले. मी ऐकलं नाही.

पुढारी मात्र रागावला नाही. उलट थकल्यासारखा दिसला. "तुमच्या देवाचं काय न्हाय वो, बाई. तुमचा देव बी भलाच असंल." मग साहेबांकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, "त्या घराशी गावाचं बोलनं न्हाय."

मला समजायला क्षणभर लागलं. मग समजलं. वाळीत टाकलेलं घर. रायगडात राहून हा शब्द मी ऐकला नव्हता असं नाही. पण ऐकणं वेगळं आणि त्या घरावर आपल्या हाताने ताडपत्री बांधून येणं वेगळं.

दोन वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत गावकीने एक नाव ठरवलं होतं, आणि त्या पोरीच्या नवऱ्याने त्या नावाविरुद्ध उभं राहायची हिंमत केली होती. एवढंच. तेव्हापासून त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, दुकानातून मीठ द्यायचं नाही, गाडीवर बसवायचं नाही. जो नियम मोडेल तोही बाहेर. पोराच्या जन्माला गावातली एक बाई गेली नव्हती. बारशालाही नाही.

"आता तुमची पयली ताडपत्री त्या घरावर चडली," पुढारी समजावून सांगत होता, जणू मीच वर्गातली मठ्ठ मुलगी. "त्याच ढिगातली दुसरी आमी घेतली, तं त्यांच्या पंगतीला बसल्यावानी व्हतंय. ती उतरवा. हितं आना, देवापुढं ठेवा. मंग आमी समदे वाटून घेऊ."

"आणि तिला?"

"ती आमच्या वाटनीत न्हाय."

साहेब टेम्पोला टेकून उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले. "हा गुन्हा आहे," मी म्हटलं. "कायदा आहे याला. मी पोलिसांत जाईन."

"जा. जायलाच हवं. पण रस्ते मोकळे व्हायला, पोलीस यायला किती दिवस जातील? तोवर या साठ घरांत म्हातारे आहेत, तापाने फणफणलेली पोरं आहेत. आणि पोलीस येऊन गेले की आपण घरी असू. ती इथेच असेल."

"म्हणजे उतरवायची?"

त्यांनी पऱ्यापलीकडे पाहिलं. "मला वाटायचं," ते म्हणाले, "टोकापासून सुरुवात केली की झालं. भूकंपात सगळ्यांचीच घरं पडली होती, बाई. कोण कुणाशी बोलत नव्हतं हे मी विचारलंच नाही."

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी भांडते. "तुम्हीच वर जा आणि त्या पोराच्या डोक्यावरची उतरवून आणा. मी येणार नाही. सांगून ठेवते."

टपटप सुरू झाली. जमलेल्यांपैकी कोणी हललं नाही. बायकांनी पदर पुढे ओढले, पुरुषांनी गोणपाटं डोक्यावर घेतली, पण टेम्पोकडे कोणाचं पाऊल वळेना. दोन पावलांवर ताडपत्र्यांचा ढीग आणि साठ घरं उभी भिजतायत. असला हट्ट मी जन्मात पाहिला नाही. मला त्यांचा संताप येत होता आणि त्याच वेळी त्यांच्या ओल्या पोरांकडे बघवत नव्हतं.

आणि तेवढ्यात ती आली.

वरून तिला सगळं दिसलं असणार. गाव रिकाम्या हाताने का उभं आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पऱ्यातून आली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि डोक्यावर आमचीच ताडपत्री नीट घडी घालून घेतलेली. जागेच्या कडेला थांबली. आत आली नाही. तिच्या बाजूची माणसं मागे सरली, एका बाईने आपलं पोर ओढून घेतलं. तिने ताडपत्री खाली ठेवली आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता म्हणाली, "फादर, ही घ्या. गावाला द्या. माझ्यापायी गाव भिजाया नको."

साहेबांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"पोर कुनाकडं ठेवलंस गं?"

हे कोण बोललं ते आधी कळलंच नाही. मग सगळ्यांच्या माना ओटीकडे वळल्या. पुढाऱ्याची बायको सूप हातात धरून उभी होती. विचारून गेली होती. तान्ह्याची आई एकटी दिसली की कुठलीही बाई विचारते तसं, अगदी तोंडातून निसटलेलं.

ती पोरगी दचकली. दोन वर्षांत गावातलं कोणी तिच्याशी बोललं नव्हतं. "एकलाच हाय, काकी. झोळीत."

"एकला? ह्या पावसात? आन वरनं ताडपत्री काडून आनलीस?"

"व्हय."

"अगं, अक्कल हाय का तुला!" असं म्हणून ती ओटीवरून उतरली. सूप खाली टाकलं, बी ओटीवर सांडलं, तिकडे तिने बघितलंही नाही. भर गावातून चालत आली, ताडपत्री उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पऱ्याच्या दिशेने निघाली. पोरगी क्षणभर तशीच उभी, मग तिच्या मागे धावली, मग तिला मागे टाकून पुढे धावली.

सगळं गाव आता पुढाऱ्याकडे बघत होतं. जो बोलेल तो बाहेर, हा नियम त्यानेच चारचौघांत सांगितलेला. तो आपल्या ओटीवर चढला, खाली बसला आणि सांडलेलं बी ओंजळीने सुपात भरायला लागला. दाणा न दाणा भरला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. अखेर मान वर न करता तो म्हणाला, "उतरवा."

"काय उतरवू?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"ताडपत्र्या. गाव भिजतंय."

मग मात्र सगळे धावले. दिवस मावळेपर्यंत आम्ही छपरं झाकत होतो. काम झालं, पण आमच्याशी फारसं कोणी बोललं नाही आणि आपापसातही कोणी बोलत नव्हतं. गाडीत बसल्यावर मी साहेबांना म्हटलं, "जिंकलो आपण." ते म्हणाले, "आपण कशाला? आणि अजून काही सांगता येत नाही." मला त्यांचा राग आला. एवढं झाल्यावरसुद्धा या माणसाला देवाचे आभार मानता येत नाहीत?

नाताळाच्या आधी आम्ही पत्रे घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. हवा छान होती. लोकांनी हसून स्वागत केलं, कोणी शहाळी आणली, कोणी साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली. बऱ्याच घरांवर आमच्या ताडपत्र्या अजून होत्या, विटलेल्या. पुढारी आपल्या ओटीवर एकटाच सुंभ वळत बसला होता. मी मोठ्याने हाक मारली, "काय दादा, ओळखलंत का?"

आणि माझ्याभोवतीची माणसं गप्प झाली. अगदी तशीच, जशी त्या दिवशी साहेबांनी पऱ्यापलीकडे बोट दाखवल्यावर झाली होती.

पुढारी हसला. "वळखलं की, बाई. या. तुमी बाहेरचं, तुमाला चालतंय."

पाऊस सरल्यावर गावकी बसली होती, त्याच्याशिवाय. बायकोने देवापुढे नारळ ठेवून माफी मागावी, प्रकरण मिटेल, असं ठरलं. "नारळ आनला तिनं," तो सांगत होता, हात सुंभावर चालूच. "समद्यांदेखत फोडला बी. आन दोनी भकलं घेऊन वर गेली. म्हनं, त्या पोरीला चटनी वाटून देते."

"आता कुठे आहेत त्या?"

"वरच. पोराला न्हाऊ घालाया जाते रोज."

साहेब मोजायची टेप हातात धरून अंगणात उभे होते. त्यांची नजर सवयीने पऱ्यापलीकडे गेली. पुढाऱ्याने ती बघितली. त्याचं घर गावाच्या ऐन मध्यावर, देवळाच्या भिंतीला भिंत लागलेली.

"फादर," तो म्हणाला, "शेवटच्या घरापासनं धरायची तुमची रीत हाय न्हवं?"

"आहे."

"मंग ह्या खेपंला हितनंच धरा. आमचं बी शेवटचंच हाय आता."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. मग चपला अंगणात काढून ते ओटी चढले, आणि मी त्यांच्या मागोमाग. सगळं गाव बघत होतं.